वाऱ्याचे २५ युरो

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय: मे महिन्यातील 'अंदालुसिया व उत्तर मोरोक्को' सहलीत जादा घेतलेले पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

माझ्या तक्रारीला आपल्या विभागाने पाठवलेले उत्तर मिळाले. तारिफाहून मोरोक्कोतील टँजियरला जाणारी बोट वाऱ्यामुळे रद्द झाली, ती नैसर्गिक आपत्ती होती, त्यामुळे 'फोर्स मेज्योर'च्या (म्हणजे आवाक्याबाहेरच्या घटनांच्या) कलमानुसार कंपनीवर जबाबदारी येत नाही, असे त्यात म्हटले आहे. वारा आपण सोडलात असे मी कुठेच लिहिले नव्हते. बोट रद्द झाली याबद्दल माझी तक्रारच नाही. त्या वाऱ्यापोटी आमच्याकडून माणशी २५ युरो उकळले, ही तक्रार आहे. त्यावर आपल्या उत्तरात चकार शब्द नाही, म्हणून पुन्हा लिहावे लागते आहे.

तारिफा म्हणजे स्पेनच्या मुख्य भूमीचे अगदी दक्षिण टोक. समोर मोरोक्कोचे डोंगर दिसतात. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद आहे तिथे मध्ये जेमतेम १४ किलोमीटर पाणी. दोन्हीकडे डोंगर असल्याने पूर्वेचा वारा त्या चिंचोळ्या जागेत शिरला की पिसाळतो. तिकडे त्याला लेवान्ते म्हणतात. गावामागच्या टेकड्या पवनचक्क्यांनी भरल्या आहेत आणि पतंगाला लटकून लाटांवर घसरणारी हौशी मंडळी जगभरातून तिथेच येतात, यावरून काय ते समजावे. लेवान्ते चढला की बंदर बंद, ही तिथे नवलाची गोष्ट नाही. आमच्या हॉटेलच्या काउंटरवरील मुलीने आदल्या संध्याकाळीच सांगितले होते की उद्याची बोट सुटेलसे वाटत नाही. आपल्या टूर मॅनेजरना मात्र ते कळले सकाळी, बंदराच्या फाटकाशी, सगळ्यांच्या बॅगा बसमधून उतरवून झाल्यावर.

फाटकाशी बोट कंपनीचा कर्मचारी उभा होता आणि सगळ्या प्रवाशांना अल्जेसिरासला जाणाऱ्या पलीकडच्या बसकडे पाठवत होता. अल्जेसिरासचे बंदर उपसागराच्या आत आहे, त्यामुळे तारिफा बंद असले तरी तिथून मोठ्या बोटी बरेचदा सुटतात. त्या टँजियर शहरात न जाता टँजर मेड या नव्या बंदरात लागतात, एवढाच फरक. (तो 'एवढाच' किती महागात पडला ते पुढे येईलच.) आम्ही त्या बसमध्ये बसलो. बस सुटल्यावर टूर मॅनेजर कमरेचे पाऊच उघडून सीटमागून सीट घेत पुढे आले: "इमर्जन्सी ट्रान्सपोर्टचे पर हेड ट्वेंटी फाइव्ह." पावती मागितली तर म्हणाले, ऑफिसकडून मिळेल. ती आजतागायत मिळालेली नाही.

आमच्यातील एका मुलीला स्पॅनिश येते. अल्जेसिरासला उतरताना तिने ड्रायव्हरला सरळ विचारले. तो म्हणाला, ही बस बोट कंपनीची आहे, तिकीट तेच चालते, कोणी एक पैसाही द्यायचा नाही. बसच्या अंगावर बोट कंपनीचे नाव हातभर अक्षरांत लिहिलेले आहे, तो फोटो सोबत जोडला आहे. टूर मॅनेजरना हे सांगितले तेव्हा त्यांनी "ऑफिसशी बोला" म्हणून हात वर केले. आता ऑफिस म्हणते, नैसर्गिक आपत्ती.

युरोपीय संघाचा समुद्रप्रवाशांच्या हक्कांचा नियम आहे, क्रमांक ११७७, सन २०१०. संघातील बंदरातून सुटणारी बोट रद्द झाली तर प्रवाशाला तिकिटाचे पैसे परत द्यायचे, नाहीतर जादा पैसे न घेता दुसऱ्या मार्गाने पोहोचवायचे. कारण हवामानाचे असले तरी हे टळत नाही. हवामानामुळे टळते ती उशिराची नुकसानभरपाई, आणि ती मी मागितलेली नाही. बोट कंपनीने आपले काम चोख केले. तिने फुकट दिलेल्या बसचे पैसे आपण कोणत्या कलमाखाली घेतलेत, एवढेच मला लेखी हवे आहे.

बोटीवरचा प्रकारही सांगते. आमच्या बोटीत मोरोक्कोचे पोलीस पासपोर्टवर शिक्का मारायला बसले होते, उतरण्याआधी तिथूनच शिक्का घ्यायचा होता. हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. उलट टूर मॅनेजर सगळ्यांना वरच्या डेकवर ग्रुप फोटोसाठी बोलावत होते. खाली आलो तेव्हा रांग उपाहारगृहाला वळसा घालून गेलेली, बोट दोन्ही अंगांनी डोलते आहे, पुढच्या बाई कागदी पिशवी तोंडाशी धरून आणि मी एका हाताने खांब, दुसऱ्या हाताने त्यांची पर्स सांभाळते आहे. माझे यजमान तर रांगेत लागलेच नाहीत, कारण त्यांना शिक्का धक्क्यावर मिळेल असे सांगण्यात आले होते. दारातून त्यांना परत वर पाठवले.

टँजर मेडला उतरलो तर आमची गाडी नाही. ती होती टँजियर शहराच्या जुन्या बंदरात, इथून ४०-५० किलोमीटरवर, कारण बंदर बदलल्याचे तिथल्या माणसाला कोणी कळवलेच नव्हते. त्या ड्रायव्हरला मी दोष देत नाही. बिचारा सकाळपासून आमच्या नावाची पाटी धरून उभा होता. शेवटी आम्ही पदरच्या पैशांनी टॅक्स्या केल्या. दिरहम मोरोक्कोबाहेर सहसा मिळत नाहीत, तेव्हा बंदरातल्या खिडकीवर देतील त्या भावाने युरो मोडून घेतले. आम्हा दोघांचे ३०० दिरहम गेले. मोरोक्कोचे घड्याळ त्या दिवसांत स्पेनच्या एक तास मागे असते, म्हणजे "आपल्याला एक तास बोनस मिळाला", असे टूर मॅनेजर म्हणाले. कोणीही हसले नाही.

शहरात पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि टँजियरचा अर्धा दिवस बुडाला होता. कसबा (जुना किल्ला) नाही, ग्रँड सोकोचा बाजारचौक नाही, केप स्पार्टेलचे भूशिर नाही. आपल्या पत्रकात 'इब्न बतूताची कबर' असे ठळक अक्षरांत छापले आहे, आणि मी ही सहल घेतली ती त्या ओळीसाठी. मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका. १३२५ साली, एकविसाव्या वर्षी टँजियरहून निघालेला हा माणूस फिरत फिरत दौलताबादला आला, तिथला किल्ला आणि मराठे यांच्याविषयी लिहून गेला, आणि तो किल्ला माझ्या घरापासून पंधराएक किलोमीटरवर आहे. जुन्या शहराच्या बोळात त्याची म्हणून दाखवतात ती छोटीशी कबर पाहायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शेफशावेनला निघण्यापूर्वी तासभर द्या, अशी आम्ही सात-आठ जणांनी विनंती केली. "शेड्यूलमध्ये बसत नाही," असे उत्तर मिळाले. त्याच सकाळी गालिच्यांच्या दुकानात मात्र आम्हाला दीड तास बसवले. पुदिन्याचा चहा चांगला होता, हे मान्य करते.

शेफशावेन आणि तेतुआन उत्तम झाले. १४९२ मध्ये ग्रनाडा पडल्यावर तिकडचे मुसलमान आणि ज्यू निर्वासित याच भागात येऊन वसले, त्यामुळे आधी ग्रनाडाचा आलांब्रा राजवाडा आणि मग तेतुआन हा क्रम ज्याने आखला त्याला विषय कळतो. म्हणूनच बाकीचा ढिसाळपणा जास्त खटकतो.

आणखी एक. मोरोक्को शेंगेनच्या, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसा क्षेत्राच्या, बाहेर असल्याने परत स्पेनमध्ये यायला मल्टिपल एंट्री व्हिसा लागतो, हे खरे. त्यापोटी आपण माणशी ४,५०० रुपये 'मल्टिपल एंट्री चार्ज' लावला आहे. शेंगेन व्हिसाची फी एका प्रवेशाला आणि अनेक प्रवेशांना सारखीच असते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी ती ९० युरो आहे आणि ती आपण वेगळी घेतलेलीच आहे. मग हा चार्ज कोणाला भरला?

आम्हा दोघांचे ५० युरो, टॅक्सीचे ३०० दिरहम, मल्टिपल एंट्रीचे ९,००० रुपये आणि टँजियरच्या न झालेल्या स्थलदर्शनाची व स्थानिक गाइडची रक्कम परत मिळावी. ही शेवटची रक्कम किती होते ते आपल्यालाच ठाऊक, तेव्हा हिशेबासह कळवावे. पुढच्या सहलीसाठीचे डिस्काउंट कूपन नको. आपल्या उत्तरासोबत आलेले मी वापरणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) नोंद करून छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे मला पुण्याला हेलपाटे घालावे लागणार नाहीत. सहप्रवाशांपैकी काही जण सोबत सही करायला तयार आहेत.

सोबत बुकिंगची पावती, बसचा फोटो, टॅक्सीवाल्याने लिहून दिलेली चिठ्ठी आणि आपल्या छापील पत्रकाचे ते पान जोडले आहे. पैसे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यावर जमा करावेत.

आपली,
(सही)
छत्रपती संभाजीनगर