क्लोज करायचं राहिलं की -६

संपादक साहेब,
तुमच्या पुरवणीत मोबाइलचे रिव्ह्यू भरपूर असतात, कधी प्रोग्रामिंगचं पण छापा की. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला यूएसबी सेन्सर मी लिबयूएसबीने (यूएसबी डिव्हाइसशी बोलायची प्रोग्रामिंग लायब्ररी) चालवत होतो, मधेच एरर आला की फंक्शन तिथूनच परत, क्लेम केलेला, म्हणजे माझ्या प्रोग्रामने ताब्यात घेतलेला, डिव्हाइसचा इंटरफेस सोडायचा राहूनच जायचा आणि पुढच्या वेळी एरर कोड -६, म्हणजे डिव्हाइस बिझी! दोन रात्री उगाच बिचाऱ्या केबलवर संशय. शेवटी सी प्लस प्लसमधे क्लास लिहिला, कन्स्ट्रक्टरमधे (ऑब्जेक्ट बनताना चालतो तो) ओपन-क्लेम, डिस्ट्रक्टरमधे (ऑब्जेक्ट संपताना आपोआप चालतो तो, फंक्शन मधेच परतलं तरी) रिलीज-क्लोज. ऑब्जेक्टची कॉपी बंदच ठेवली, नाहीतर एकच हँडल (उघडलेल्या डिव्हाइसची खूण) दोनदा क्लोज होऊन वेगळीच बोंब. आणि हो, क्लेम फसून कन्स्ट्रक्टरमधून एक्सेप्शन (काम मधेच तोडणारा एरर) गेलं तर डिस्ट्रक्टर चालतच नाही, क्लोज तिथेच करावं लागतं, हे कॉलेजात कोणी सांगितलंच नव्हतं.

एक वाचक, परळ