हळदीची कॅप्सूल आणि दुखण्याची गोळी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता गुडघ्याच्या झिजेवर दुखण्याच्या गोळीसोबत कर्क्युमिनची (हळदीतल्या मुख्य घटकाची) कॅप्सूल घेणारेही पुष्कळ आहेत. दुखण्याच्या गोळ्या कमी होणार असतील तरच या जोडीला अर्थ आहे. प्रत्यक्षात मात्र गोळी तशीच चालू राहते आणि वर कॅप्सूलची भर पडते.

स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. एका कॅप्सूलमधले ५०० मिलिग्रॅम मिळवायला सोळा-सतरा ग्रॅम पूड खावी लागेल. त्यामुळे हळद-दुधाकडून औषधाची अपेक्षा नको, आणि कॅप्सूलला हळद-दुधासारखे निरुपद्रवीही समजायला नको. ती नीट शोषली जावी म्हणून अनेक कंपन्या तिच्यात मिरीतले पायपरिन घालतात. त्याने इतर काही औषधांचे शरीरातले प्रमाण वाढू शकते. वॉरफेरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल सुरू करू नये. सांधेदुखीवर घेतल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन या दुसऱ्या पूरकाबाबतही तीच खबरदारी. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर कर्क्युमिनची कॅप्सूल बंद करून यकृताची तपासणी करावी.

ग्लुकोसामाइन आणि त्याच्या जोडीने दिले जाणारे कॉन्ड्रॉइटिन यांचा पुरावा तर कमकुवतच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,५८३ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत ही जोडी एकंदरीत औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. जास्त दुखणाऱ्यांच्या छोट्या गटातच फरक दिसला. (माळकऱ्यांनी पाकिटावरचा हिरवा ठिपका जरूर पाहावा. ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून आणि कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून काढतात.)

खरा घात दुखण्याच्या गोळीतच असतो. एका डॉक्टरांची असिक्लोफेनॅक, दुसऱ्यांची डायक्लोफेनॅक आणि दुकानातून मागून घेतलेली आयबुप्रोफेन, नावे वेगळी पण जात एकच. तिन्ही मिळून पोटात व्रण करू शकतात. त्यात रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड (लघवी वाढवणारे औषध) एकत्र असलेली गोळी चालू असेल, तर ही दोन आणि दुखण्याची गोळी मिळून मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. उन्हाळ्यात शेतात पाणी कमी प्यायले गेले, जुलाब झाले, की रक्तातले क्रिएटिनिन चढते, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावते. अशा दिवसांत दुखण्याची गोळी टाळावीच.

पूरक घ्यायचेच तर एका वेळी एकच घ्यावे, तेही तीन महिने. दर रविवारी दुखणे ० ते १० मध्ये लिहावे आणि आठवड्यात किती गोळ्या लागल्या ते मोजावे. गोळ्या कमी झाल्या नाहीत तर पूरक थांबवावे. मुदत वाढवत बसू नये.

पोटातली गोळी कमी करण्याचा याहून भरवशाचा मार्ग डायक्लोफेनॅकचे १ टक्का जेल. तेही लोक वाटाण्याएवढे लावतात आणि ‘गुण नाही’ म्हणतात. पूर्ण मात्रा एका गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा. या हिशेबाने ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही.

आपला,
एक औषधनिर्माता, सांगली