मालीतल्या बामाकोहून, चवळीखाऊचं पत्र

बामाको,
११ फेब्रुवारी

प्रिय संज्या,

पत्राला उशीर झाला, शिव्या नंतर घाल. आधी माझी फजिती ऐक.

रविवारी शेजारी बारसं होतं. इथे ते सातव्या दिवशी, सकाळीच. मांडवात एक धिप्पाड बाई माइक घेऊन उठली. ती जेली. फ्रेंचमध्ये ग्रियो म्हणतात. पिढीजात गाणारे, लोकांच्या वंशावळी तोंडपाठ असणारे. जोडीला कोरावाला. अर्धा मोठा भोपळा, त्यावर गाईचं कातडं, लांब दांडी आणि २१ तारा. वाजवायला दोन्ही हातांचे फक्त अंगठे आणि तर्जन्या, बाकीची बोटं दांडीशेजारच्या दोन मुठी धरून. डोळे मिटलेस तर दोघे वाजवतायत असंच वाटेल.

कुणी केइता आडनावाचा दिसला की बाई थेट तेराव्या शतकात! सुंजाता केइता, लहानपणी चालताही न येणारा पोर, त्यानं पुढे १२३५ च्या सुमारास किरिनाच्या लढाईत सोसोच्या राजाला, सुमाओरो कांतेला, हरवून मालीचं साम्राज्य उभारलं. त्याच्या जेलीचे वंशज कुयाते. ते आजही केइतांचं गातात. केइता पडले राजघराण्यातले, त्यांनी स्वतः मात्र गायचं नाही. इथला नामांकित गायक सालिफ केइता गायक व्हायला निघाला तेव्हा घरचे बिथरले ते त्यामुळेच.

मग बाई माझ्यापुढे आली. आडनाव? सांगितलं. कोरा थांबला. तिच्याकडे माझ्यासाठी एक ओळ नव्हती रे! क्षणभर सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मग तिनंच मला कुलिबाली करून टाकलं आणि हशा पिकला. कुलिबाली आडनावाच्या लोकांना इथे 'चवळी खाणारे' म्हणून चिडवतात. ठरलेल्या आडनावांना एकमेकांना चिडवायची मुभाच असते, रागवायचं नाही. त्यात मी शाकाहारी, ताटात चवळीच! बाईच्या हातात नोट ठेवायची पद्धत, तर खिशात सुटे नाहीत. शेजाऱ्यानं माझ्या वतीनं दिली.

रात्री आठवून पाहिलं. पणजोबांच्या वर मला एकही नाव येत नाही. आपल्याकडे बैलावरून हेळवी यायचा, घराण्यांच्या वंशावळी सांगणारा, आठवतो? दादा त्याला सुपानं ज्वारी घालायचे आणि आपण पोरं बैलामागे. यंदा सुगीला आला तर आमच्या घराचं बाड उघडायला लाव आणि नावं उतरवून पाठव. त्याची ज्वारी माझ्या नावावर घाल, आणि त्या शेजाऱ्याची नोट मी परत केली, हेही घरी सांग.

तुझा,
बंड्या