साखरपुड्यातले खेळ: कुणालाही बाद न करता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नातला खर्च, कानठळ्या बसवणारा आवाज, लांबत जाणारे कार्यक्रम यांवर वाचक नेहमी लिहितात. मला त्याआधीच्या समारंभाबद्दल, म्हणजे साखरपुड्याबद्दल लिहायचे आहे, आणि त्यातही फक्त अर्ध्या-पाऊण तासाबद्दल. अंगठ्या घालून होतात, फोटो होतात, जेवणाला अवकाश असतो. मग कुणीतरी माइक हातात घेतो आणि 'चला, आता गेम्स!' असे जाहीर करतो. हे खेळ हवेतच, असे माझे ठाम मत आहे. दोन घरांतली माणसे त्या दिवशी एका छताखाली आलेली असतात, पण बसतात आपापल्याच घोळक्यात. त्यांना उठवून एकमेकांशी बोलते करायला खेळासारखे दुसरे काही नाही. दुर्दैवाने सध्या चालणारे बरेचसे खेळ नेमके उलटे काम करतात.

मी शाळेत शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते. नात्यात साखरपुडा ठरला की खेळांचे काम आपसूक माझ्याकडे येते, म्हणून हे अधिकाराने लिहिते.

संगीत खुर्चीच घ्या. वीस जण खेळायला उतरले तर एकोणीस जण हरून बाहेर जातात, आणि जो सर्वांत आधी बाद होतो तो सर्वांत जास्त वेळ कडेला उभा राहतो. शाळेत लहान वर्गांसाठी बाद करण्याचे खेळ मी जवळजवळ बंदच केले होते, कारण पहिल्या फेरीत बाद होणाऱ्या मुलालाच खेळण्याची गरज सर्वांत जास्त असते. साखरपुड्यातही तेच. गुडघे दुखणारी आत्या, कडेवर मूल असलेली वहिनी, मुळातच बुजरा असलेला चुलतभाऊ यांना पहिल्या मिनिटाला घालवून आपण कुणाची ओळख कुणाशी करून देणार?

दुसरा लाडका खेळ बुटांचा. मुलगा आणि मुलगी पाठीला पाठ लावून खुर्च्यांवर बसतात. दोघांच्याही एका हातात स्वतःचा बूट, दुसऱ्या हातात जोडीदाराचा. 'आधी सॉरी कोण म्हणतं?' असा प्रश्न आला की ज्याचे नाव सांगायचे त्याचा बूट वर करायचा. उत्तरे जुळली तरी टाळ्या, नाही जुळली तर जास्त टाळ्या. खेळ छान आहे. दहा मिनिटांत संपतो आणि सगळ्यांना बसल्या जागी दिसतो. पण तो कसा खेळायचा हे सर्वस्वी प्रश्नांवर ठरते, आणि प्रश्न बहुधा आयत्या वेळी, माइक हातात असलेल्या माणसाच्या मनाला येतील तसे विचारले जातात.

एका साखरपुड्यात माझ्या डोळ्यांदेखत घडलेले सांगते. त्या निवेदकाने भरल्या सभागृहात मुलीला विचारले, 'याच्याआधी किती जणांना नकार दिलास?' मुलगी हसली. मग तिने बूट मांडीवर ठेवला आणि वडिलांकडे पाहिले. ते पहिल्याच रांगेत होते. मागून तरुण मंडळींनी ओरडा केला, मोबाइल वर झाले, आणि निवेदकाने प्रश्न पुन्हा विचारला. तिथे एकही माणूस दुष्ट नव्हता. पण त्या मुलीला ते मिनिट आयुष्यभर लक्षात राहील, आणि तिच्या होणाऱ्या सासूलाही.

अशा प्रश्नमंजूषांबद्दल आणखी एक गोष्ट कुणी ध्यानात घेत नाही. अमेरिकेत १९६६ साली एबीसी वाहिनीवर एक कार्यक्रम सुरू झाला. जोडीतल्या एकाला आत पाठवायचे, दुसऱ्याला प्रश्न विचारायचे, मग आत गेलेल्याला बोलावून त्याची उत्तरे जुळतात का ते पाहायचे. आज साखरपुड्यांत 'कोण कुणाला किती ओळखतं' म्हणून जे खेळले जाते ते याच घाटाचे. फरक असा, की त्या कार्यक्रमात लग्न झालेली जोडपी असत. आपल्यासमोर बसलेली दोघे कदाचित चार-पाच वेळाच भेटलेली असतात. 'तिला कशाचा राग येतो?' याचे उत्तर त्याला येत नसेल तर त्यात हरण्यासारखे काय आहे? ते समजून घेण्यासाठीच तर लग्न ठरले आहे. तरीही तो घामाघूम होतो आणि त्याची आई अस्वस्थ होते.

मी हा खेळ फिरवून घेते. प्रश्नांची उत्तरे आधीच घरच्यांकडून लिहून आणते. मुलाच्या आईला विचारते, 'लहानपणी याला घरातली कुठली वस्तू उघडून पुन्हा बसवताच आली नाही?' मुलीच्या भावाला विचारते, 'ही कशावरून हमखास भांडायची?' मग समारंभात मुलाचे उत्तर मुलीने ओळखायचे आणि मुलीचे मुलाने. चुकले तर उत्तर लिहिणारा उठून तो किस्सा सांगतो. चुकीचे उत्तर आले की खेळ जास्त रंगतो, कारण किस्सा ऐकायला मिळतो. पूर्वीची प्रेमप्रकरणे, पगार, वजन, रंग, मुले कधी होणार, हे विषय मी यादीतच येऊ देत नाही. प्रश्नांची यादी दोघांना आदल्या दिवशी दाखवते आणि त्यांनी खोडलेला प्रश्न का खोडला, हेही विचारत नाही. गंमत कमी होईल अशी भीती काहींना वाटते. उलट समोर काय येणार हे माहीत असल्यामुळे ती दोघे मोकळी असतात.

आता माझ्या सर्वांत आवडत्या खेळाबद्दल. नेहमीच्या हौजीत नव्वद आकडे असतात, तिकिटावर पंधरा, आणि अर्धा तास प्रत्येक जण मान खाली घालून आपापले तिकीट पाहत बसतो. वयस्कर मंडळींना ती आवडते म्हणून जेवणानंतर एखादा डाव जरूर ठेवावा. पण ओळखीसाठी माणसांची हौजी खेळावी. कागदावर चार बाय चार असे सोळा चौकोन आखायचे आणि प्रत्येकात एकेक ओळ लिहायची: 'पोहता येते', 'जुळ्यांपैकी एक आहे', 'कधीही मोबाइल हरवलेला नाही', 'शिलाई मशीन चालवता येते', 'मुलीला पाळण्यात असल्यापासून ओळखतो'. ती ओळ ज्याला लागू पडेल त्याला शोधून त्याची सही घ्यायची. एका कागदावर एका माणसाची एकच सही, आणि सोळांपैकी निदान आठ सह्या समोरच्या घरच्यांच्या. मुलाकडच्यांना निळी पेने, मुलीकडच्यांना लाल, आणि प्रत्येकाने आपल्याच पेनाने सही करायची, म्हणजे तपासायला वेळ लागत नाही. वीस मिनिटे पुरतात. ज्यांना उठता येत नाही त्यांच्याकडे लोक आपणहून येतात. 'पाळण्यात असल्यापासून' ही ओळ असल्यामुळे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसांभोवतीच सर्वांत जास्त गर्दी होते, आणि ती ओळ मी मुद्दाम त्यासाठीच घालते.

माझ्या भाचीच्या साखरपुड्यात मुलाचे वडील सुरुवातीपासून कोपऱ्यात गप्प बसून होते. सगळ्यांना ते तुसडे वाटले होते. भाचीची मावशी कागद घेऊन त्यांच्यापाशी गेली आणि म्हणाली, 'तुमच्याकडे शिवणकाम कुणाला येतं हो?' ते म्हणाले, 'द्या इकडे,' आणि त्यांनी सही केली. तिला खरे वाटेना. तिने परीक्षा घेतल्यासारखे विचारले, 'मग बाही बसवताना चुण्या का पडतात, सांगा.' त्यांनी समोरचा कागदी रुमाल घेतला, त्याची बाही दुमडली, खांद्याची गोलाई कुठे जास्त होते ते बोटाने दाखवले. पाहता पाहता तिथे पाच-सहा बायका जमल्या, त्यांतली एक हातातला सह्यांचा कागद विसरूनच गेली. त्या दिवसापासून मावशी आणि ते फोनवर बोलतात, विषय बहुधा कापडाचा असतो.

मुळीच न बोलणाऱ्यांसाठी बालपणीच्या फोटोंचा खेळ ठेवावा. दोन्ही घरांतले बारा-पंधरा जुने फोटो सरमिसळ करून दोरीवर लावायचे, खाली क्रमांक, आणि कोण कोण ते कागदावर लिहायचे. माइक नाही, घाई नाही. लोक फोटोपुढे उभे राहून नाक-डोळे जुळवत बसतात आणि शेजारच्या अनोळखी माणसाचे मत घेतात. फोटो लावण्याआधी ज्याचा त्याला विचारावे. आणि घरातले जे माणूस नुकतेच गेले असेल त्याचा फोटो लावायचा की नाही, हे त्या घरानेच ठरवावे.

दमशेराज, म्हणजे न बोलता केलेल्या हावभावांवरून नाव ओळखण्याचा खेळ, दोन गटांत खेळतात तेव्हा हटकून मुलाकडचे विरुद्ध मुलीकडचे अशी विभागणी होते. ती करू नये. जन्ममहिन्यांवरून गट पाडावेत, म्हणजे मुलाचा काका आणि मुलीची बहीण एका बाजूला येतात. कमी ऐकू येणाऱ्या पाहुण्यांना हा खेळ फार आवडतो. सबंध समारंभात त्यांना पूर्ण समजणारी ही एकच गोष्ट असते.

पैसे घेऊन निवेदन करणारे सगळेच वाईट असतात असे मी म्हणत नाही. काही जण अतिशय समंजस आहेत. पण त्यांना घरातली दुखरी ठिकाणे ठाऊक नसतात. म्हणून दोन्ही घरांतला एकेक माणूस त्यांच्याबरोबर उभा राहावा आणि 'हे नको' म्हणण्याचा अधिकार त्याला असावा. खेळांचे चित्रण समाजमाध्यमांवर टाकण्याआधीही त्यात दिसणाऱ्यांना विचारावे.

आपल्याला एक विनंती आहे. लग्नसराईच्या पुरवणीत दागिने आणि कपड्यांना पानेच्या पाने मिळतात. त्यात अर्धे पान वाचकांनी स्वतः खेळवलेल्या खेळांना द्यावे. विशेषतः दृष्टी नसलेल्या किंवा चाकाच्या खुर्चीवर असलेल्या पाहुण्यांना इतरांच्या बरोबरीने खेळता येईल असे खेळ वाचकांनी कळवावेत. नात्यात येत्या काही महिन्यांत आणखी साखरपुडे आहेत. वाचकांनी कळवलेले निवडक खेळ मी तिथे लगेच घेईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका