उपसाबंदीआधी पाणी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊन तापू लागले की भोगावती-पंचगंगेच्या काठाला एकाच बातमीची धास्ती असते, उपसाबंदीची, म्हणजे नदीतून मोटरने पाणी उचलायला ठरावीक दिवस मनाई होण्याची. बंदीच्या आदल्या रात्री नदीकाठ झोपत नाही. जो तो उसाला पोटभर पाणी पाजून घेतो. करवीर तालुक्यात माझा दोन एकर ऊस आहे आणि मीही इतकी वर्षे हेच करत आलो. बंदीआधी सरीत घोटाभर पाणी उभे करायचे आणि बंदी उठली की पुन्हा तेच. या सगळ्यात पाणी वाचले किती, हे कुणालाच सांगता येत नाही, कारण ते कुणी मोजतच नाही.

खरे दुखणे पट्टीचे, म्हणजे पाण्याच्या आकारणीचे आहे. आमची पाणीपुरवठा संस्था एकरावर पट्टी घेते. मोटर तासभर चालवा नाहीतर रात्रभर, रक्कम तीच. आमच्या भावकीतल्या एका पोराने हौसेने वीस गुंठ्यांत ठिबक केले. त्याची पट्टी एक रुपयाने कमी झाली नाही. खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून आलेल्या पुढच्या पिकाला, त्याने लॅटरल (ठिबकच्या नळ्या) गुंडाळल्या आणि गोठ्यात आढ्याला टांगल्या. त्याला कोणत्या तोंडाने दोष द्यायचा?

कायदा नाही म्हणावे, तर तोही आहे. 2005 मध्ये राज्यात दोन कायदे झाले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणले. दुसरा शेतकऱ्यांनी स्वतः सिंचनाचे व्यवस्थापन करण्याचा, त्यात उपसा सिंचनाच्या संस्थाही येतात. त्या कायद्याचा गाभा असा की, पाणी वापर संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून द्यायचे, आणि मंजूर कोट्यात कोणते पीक घ्यायचे ते शेतकऱ्याने ठरवायचे. ही शेवटची गोष्ट आमच्या गावागावांत ओरडून सांगायला हवी. मीटर शब्द काढला की लोकांना वाटते, ऊस बंद पाडायला निघालेत.

राधानगरी धरण 8 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर, काळम्मावाडी धरण 25 टीएमसी आणि पाऊस धो धो, त्यामुळे टंचाई हा शब्द आपल्याला लागत नाही. पण ज्यांच्या राधानगरी धरणाचे पाणी आपण पितो, त्या शाहू महाराजांनी 1902 मध्ये सिंचनाचे धोरण ठरवले, तेव्हा आधी संस्थानातल्या विहिरी-तलावांची पाहणी करायला लावली. हातात पाणी किती आहे, हे त्यांना धरणाआधी माहीत करून घ्यायचे होते. आपल्याकडे आज बंधारे आहेत आणि जॅकवेल (नदीचे पाणी उचलण्याच्या काठावरच्या विहिरी) आहेत, फक्त हिशेबाची वही नाही. गेल्या उन्हाळ्यात उपसाबंदी चालू असताना मी आमच्या बंधाऱ्यावर उभा होतो. बरग्यांच्या, म्हणजे पाणी अडवायला घातलेल्या फळ्यांच्या, फटींतून पाणी धारा लावून खाली पडत होते आणि काठावर माझा ऊस पिवळा पडत होता. पोटात कालवत होते.

नदी बंद झाली की लोक बोअरकडे वळतात. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, हे गावात फारसे कुणाला माहीतही नाही. आणि जादा पाण्याने काय होते ते बघायला लांब जायला नको. शिरोळकडे क्षारपड झालेल्या (जादा पाण्याने क्षार वर येऊन नापीक झालेल्या) जमिनीत सच्छिद्र पाईप पुरून तेच पाणी बाहेर काढावे लागत आहे.

संस्थेच्या वार्षिक सभेत मी मीटरचा विषय दोनदा मांडला. "आधी वरच्या गावाला बसवायला सांगा," असे उत्तर मिळाले. वरचे गावही हेच म्हणणार. त्यात चूकही नाही, एकट्याने मोजून घेणारा नुकसानीत जातो. म्हणून पाटबंधारे विभागाने एका बंधाऱ्यापासून पुढच्या बंधाऱ्यापर्यंतच्या सगळ्या जॅकवेलना एकदमच मीटर बसवावेत. पावसाळा सरताना धरणातला साठा कळतो, तेव्हाच प्रत्येक संस्थेचा उन्हाळ्याचा कोटा गावच्या फलकावर लिहावा. पट्टी त्या कोट्यावर आणि रीडिंगवर घ्यावी. बरगे घालताना संस्थेचा एक माणूस तिथे उभा राहू द्यावा.

सुरुवात आमच्या जॅकवेलपासून केली तरी चालेल. आढ्याला टांगलेल्या त्या लॅटरल खाली काढून अंथरायला त्या पोराबरोबर मी स्वतः रानात उतरेन.

आपला,
एक ऊस उत्पादक शेतकरी
ता. करवीर, जि. कोल्हापूर