मे महिन्यातली शाल

डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार.

सक्करदऱ्याच्या तुमच्या दवाखान्यात मी पेशंट म्हणून आलेच नव्हते. सासूबाईंचा बीपी दाखवायचा होता. ऐन मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आणि मी अंगावर शाल घेऊन कंपाउंडरदादांना म्हणाले, "तो कूलर जरा बंद करता का?" सासूबाईंच्या दंडाचा पट्टा सोडता सोडता तुम्ही माझ्याकडे पाहिलं. "काहून बाई, नागपूरच्या उन्हात थंडी वाजते?"

तोवर ४ वर्षं माझं एकच चालू होतं. पाळी दोन-दोन महिने लांबायची. मग ५ दिवस गोळ्या, की पाळी हजर. पुढच्या वेळी पुन्हा तेच. गोळ्यांना मी नावं ठेवत नाही. पण ती पाळी गोळी थांबल्यामुळे येते, बीज तयार झालं म्हणून नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दिवस राहत नाहीत म्हणून सोमवार धरले, ते वेगळंच.

तुम्ही पाळीचं विचारलंत ते सगळ्यात शेवटी. आधी पोट साफ होतं का, केस गळतात का, आवाज असाच घोगरा आहे का. गळा चाचपलात, टाचेमागे हातोडी मारलीत. पाय उडाला, पण परत यायला त्याने वेळ घेतला, तेव्हा तुम्ही मान हलवलीत. रक्तातला टीएसएच, म्हणजे थायरॉईडला हाकणारं संप्रेरक, ६२ आला, फारच जास्त. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, तेही वाढलेलं.

पॅडच्या मागच्या कोऱ्या पानावर तुम्ही चित्र काढून दाखवलंत: थायरॉईड कमी पडली की मेंदू तिला हाकायला जोर लावतो, त्या जोरात प्रोलॅक्टिनही वाढतं, आणि ते बीजांडकोषाचं काम अडवतं. मी प्रोलॅक्टिनची गोळी मागितली. "आधी थायरॉईड सुधारू द्या, ते आपसूक उतरते," म्हणालात. उतरलंही. उपाशीपोटी थायरॉईडची गोळी, अर्धा तास चहा नाही (हे फार जड गेलं), लोहाची गोळी ४ तासांनी. तिसऱ्या महिन्यात पाळी आपली आपण आली. मी मोरीत उभी राहून रडले.

आणखी एक. "तुमच्या मिस्टरांचीही तपासणी करून घ्या," हे तुम्ही सासूबाईंसमोर सहज बोलून गेलात. ४ वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. सासूबाई घरी येईपर्यंत गप्प होत्या, पण दुसऱ्या दिवशी लेकाला त्यांनीच पाठवलं.

मूल अजून नाही. पण आता मला माझ्या तारखा ठाऊक असतात.

त्या दिवशी तुम्ही फी फक्त सासूबाईंची घेतलीत. माझी बाकी आहे.

तुमची,
शालवाली सूनबाई