डबडं फेकू नकोस

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

"आई, माझं हवेचं मशीन म्हणजे नुसतं डबडं आहे, सरांना कसं दाखवू?" असं तू म्हणालास, तेव्हा मी ड्यूटीला निघाले होते. आता रात्रपाळी उरकून चहा घेत लिहितेय.

फॉरेस्ट बर्ड नावाचा एक अमेरिकन होता. जन्म 1921 चा, वडील वैमानिक. पोरानं चौदाव्या वर्षी एकट्यानं विमान उडवलं. (तू चौदाव्या वर्षी माझा मिक्सर खोललास. तो अजून तसाच आहे.) दुसऱ्या महायुद्धात विमानं इतकी उंच जाऊ लागली, की तिथल्या विरळ हवेत वैमानिकाची शुद्ध हरपायची. एका जर्मन बॉम्बरमधला ऑक्सिजनचा रेग्युलेटर, म्हणजे वायू मोजून सोडणारी झडप, बर्डच्या हाती लागला. त्यानं तो खोलला, सुधारला. पुढे तीच अक्कल त्यानं आजारी माणसांच्या श्वासासाठी लावली.

आणि पहिलं यंत्र कशाचं? स्ट्रॉबेरी शॉर्टकेकचे पत्र्याचे डबे आणि दाराची मूठ! अत्यवस्थ रोग्यांना लावून पाहिलं, यश बेताचंच. मग पुन्हा खटपट. 1950 च्या दशकात त्यातूनच 'बर्ड' ही श्वास देणारी हिरवी पेटी आली. मी नवीन असताना वॉर्डातल्या कपाटावर एक पडून होती. आमच्या सिस्टरांनी ती चालू करून दाखवली. वीज नाही, नुसता दाबाखालचा वायू. रोग्यानं जराशी हवा ओढली की चुंबकानं धरलेली झडप सुटते. ठरवलेला दाब भरला की खट्कन बंद. ते टक्-फुस्स अजून कानात आहे.

1970 च्या सुमारास तान्ह्या बाळांसाठी 'बेबीबर्ड' आलं. श्वासाचा त्रास असलेल्या बाळांचा मृत्युदर त्यामुळे 70 टक्क्यांवरून 10 च्या खाली आला, असं सांगतात. सगळं श्रेय यंत्राला द्यायला मी कचरते. रात्रभर नळ्या सांभाळणारं कुणीतरी असतंच ना!

त्याच्या बायकोला, मेरीला, एम्फिसिमा हा फुप्फुसाचा आजार झाला. तिच्यासाठी त्यानं हवेच्या बारीक बारीक धक्क्यांनी कफ सुटवणारं यंत्र केलं. 1986 मध्ये ती गेली. तो मात्र 2015 पर्यंत, चौऱ्याण्णव वर्षं जगला.

तुझ्या डबड्यातून हवा गळतेय म्हणालास. नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लाव. बुडबुडे येतील तिथेच गळती. आणि फोटो पाठव.

तुझी,
आई